भिवराबाईंच्या हनुवटीवरील मुद्रेची बखर

श्री चित्ररूपिणी प्रसन्न. ज्यास ठाऊक त्याने मान डोलवावी, ज्यास ठाऊक नाही त्याने कान द्यावा, ऐकून घडीभर दिलगीर व्हावे आणि दिलगिरी सरली म्हणजे आपल्या कामास लागावे, याकरिता हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सर, माघ मास. ते समयी पृथ्वीवर एक दौलत होती, तीस ना कोट ना वेस, ना आडवी नदी. हवेवर वसलेली, तारेवर तोललेली, आणि घरोघर माणसांच्या तळहातावर तिच्या खिडक्या उघडत. नवे लोक तीस इंटरनेट म्हणत, जुने लोक महाजाळ म्हणत. त्या दौलतीत चित्रांची पेठ मोठी. कोणी पहाटेचे धुके टांगी, कोणी लेकराचे जावळ टांगी, कोणी आपले ताट जेवण्याआधी टांगी, आणि येणारा जाणारा अंगठा वर करून वाहवा म्हणून पुढे जाई. परंतु पेठेस पहारा नाही. ज्याने टांगले त्याची पाठ वळली की दुसऱ्याने उचलावे, उचलून आपले म्हणावे, आणि मूळ धन्याने ओरड केली तर "आम्हांस वाऱ्यावर सापडले" म्हणून हसावे, ऐसी रीत पडली. चोरी म्हणावी तर घरातून काही गेले नाही, चित्र जागच्या जागी आहे. न म्हणावी तर काळजातून काही गेले, ते कोणत्या कचेरीत मोजावे? ऐसा त्या दौलतीचा कारभार.

त्या दौलतीचे दक्षिण अंगास सावळारामपंत नावाचे छायाचित्रकार राहत. लग्नामुंजींचे फोटो काढून पोट भरीत आणि उरल्या वेळात पोट विसरून फोटो काढीत. त्यांनी एकदा तळ्याकाठी पहाटेपासून बसून एक बगळा टिपिला, एका पायावर उभा, पाण्यात आपलीच छबी न्याहाळणारा, आणि तो महाजाळाच्या चावडीवर, जेथे सारे आपली चित्रे मांडीत, टांगिला. मग काही महिन्यांनी पाहतात तो तोच बगळा परमुलखीच्या एका गादीवाल्याचे जाहिरातीत उभा, आणि खाली लिहिले, 'निवांत झोप'. पंत बहुत कष्टी जाहले, आणि मसलत करून प्रत्येक चित्राचे कोपऱ्यात आपल्या नावाची फिकट मुद्रा उमटवू लागले, जीस हल्ली वॉटरमार्क म्हणतात. तो चोरांनी, डागलेल्या गुराचा कान कापावा तैसा तेवढा कोपरा कापिला आणि उरलेले नेले. मग पंतांनी मुद्रा मध्यावर आणिली, ऐन बगळ्याचे छातीवरून आडवी, ठसठशीत. ते चित्र त्यांनी आपल्या कुटुंबास, मंजुळाबाईंस दाखविले. बाईंनी चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले, आणि म्हणाल्या, "अहो, बगळा कुठाय? मला तर तळ्यात तुम्हीच उभे दिसताय. एका पायावर." पंत बोलिले, "थट्टा नको. चोरी होते ती दिसत नाही का तुला?" बाई म्हणाल्या, "चोरी व्हायला आधी चित्र तर राहायला हवं. आता कोण चोरणार? चोराच्या बायकोलासुद्धा आवडायचं नाही." पंत रुसले आणि जेवण अर्धे टाकून उठले, परंतु बोल खरा होता, आणि खरा बोल उपाशी पोटी अधिकच टोचतो. तेव्हांपासून त्यांचे मनात एकच घोर राहिला, की मुद्रा ऐसी असावी जी चोरास दिसू नये, चित्रास बोचू नये, आणि उपटू जाता निघू नये.

तो माघात माळावरच्या आईची जत्रा भरली आणि पंत कॅमेरा गळ्यात घालून तेथे गेले. देवळाच्या अंगास एका बाभळीखाली भिवराबाई गोंदणारीण बसत असे. तिची आई तेथेच बसे, आईची आई तेथेच बसे, आणि आयाबाया आपल्या मुली तिच्याकडेच आणीत, कारण की तिच्या हातचे गोंदण पक्के, ते चितेपर्यंत फिके पडत नाही, ऐसी तिची पंचक्रोशीत ख्याती. सुयांची जुडी, वाटीत काजळी पाल्याच्या रसात कालवलेली, शेजारी हळद, आणि लुगड्याचा पदर दातांत धरलेला, त्यामुळे तोंडाचा खालचा भाग सदा झाकलेला. काम करताना पदर दातांत धरण्याची तिची सवयच पडून गेली होती. ते वेळी एक मुलगी तिच्यापुढे हात देऊन मुसमुसत होती, आणि भिवराबाई दाताखालूनच म्हणत होती, "रड गं बाई, मोकळी रड. रडलं की रंग धरतो, असं माझी आई म्हनायची." आणि मग सुईच्या तालावर हलकेच गाऊ लागली:

सोस गं माझे बाई, सोस सुईची ही कळ
सोनं नेईल चोर, हिरवं नेईना गं काळ

पंतांचे अंगावर काटा उभा राहिला. चोर नेऊ शकत नाही! तीन वर्षे ज्याचा शोध केला ते या बाईच्या वाटीत काजळी होऊन पडले आहे, ऐसे त्यांस वाटले. मग ते पुढे होऊन म्हणाले, "मावशी, तुमचा एक फोटो काढू का?" ती म्हणाली, "काढ की लेकरा. त्यानं काय तोंड झिजतंय व्हय?" आणि आपल्याच बोलण्यास हसली, आणि हसता दातांतला पदर सुटला, आणि माघाचे कोवळे ऊन बाभळीच्या पानांतून गळून तिच्या मुखावर सांडले, आणि पंतांनी तेवढा पळ टिपिला. उन्हाने रापलेले मुख, दोन्ही हातांवर हिरव्या वेली, आणि हनुवटी मात्र कोरी. पंतांनी सहज विचारिले, "मावशी, साऱ्या मुलखाला गोंदता आणि तुमची हनुवटी कोरी कशी?" तिने पदर उचलला, पुन्हा दातांत धरला, "ऱ्हायली," म्हणाली आणि सुईवर वाकली. एवढा एकच शब्द. त्या शब्दाच्या मागे काय आहे, हे पंतांनी पुसावयाचे होते. पुसिले नाही. चित्र पदरात पडले होते, आणि ज्याच्या पदरात पडले त्या माणसास दुसऱ्याचा पदर का सावरला गेला, हे दिसत नाही.

मग पंत घरी येऊन संगणकापुढे बसले आणि मुद्रा घडवू लागले. ठिपके मांडून तुळस काढिली, जैसी खेड्यापाड्यांतून बायकांच्या हनुवटीस असते तैसी. आणि तिच्या बुडाशी मुळे वळविली, ती ऐसी की जाणत्याने पाहिले तर 'सावळा' ही अक्षरे वाचावी आणि नेणत्याने मुळेच समजावी. मग चित्रात मुद्रेस जागा शोधू लागले. आकाशात ठेवावी तर चोर आकाश कापील, पदरावर ठेवावी तर चुण्यांत हरवेल. फिरता फिरता दृष्टी त्या कोऱ्या हनुवटीवर आली आणि तेथेच बसली. रिकामी जागा दिसली की ती आपलीच, हा त्या दौलतीचा जुना रोग. तो पंतांसही जडला. त्यांनी तुळस तेथे ठेविली, रंग हिरवा केला, थोडा फिका केला, कातडीच्या सुरकुतीबरोबर वळविला, आणि दूर सरून पाहिले तो जणू आईच्या हाताने लहानपणी गोंदलेली. पंतांस आनंदाने भरून आले. मंजुळाबाईंस हाक मारिली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुंदर आहे हो. पण तिला होतं का हे?" पंत म्हणाले, "नाही. हीच तर मुद्रा!" बाई म्हणाल्या, "तिला विचारलंत?" पंत म्हणाले, "फोटोचं विचारलं की." बाई म्हणाल्या, "फोटोचं नाही म्हणत मी," आणि पोळी करपेल म्हणून आत गेल्या. पंतांनी चित्र चावडीवर टांगिले. वाहवा ऐसी जाहली की बगळ्यास जन्मात मिळाली नव्हती. लोक म्हणू लागले, काय ते हसू, काय ते हनुवटीचे गोंदण! पंत मनात हसले, की वेड्यांनो, तुम्ही माझ्या नावासच वाहवा म्हणत आहा.

ऐसे काही महिने गेले. मग एके सकाळी मंजुळाबाई चहाचा कप आणि मोबाइल एकाच हाती धरून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही तुमचीच बाई ना?" पंत पाहतात तो एका मलमवाल्याची जाहिरात. तो मलमवाला मोठा हिकमती. नव्या मुलींस जुने गोंदण लाजिरवाणे वाटू लागले आहे हे हेरून त्याने गोंदण पुसण्याचे मलम काढिले, आणि गावोगाव विकीत सुटला. जाहिरातीत भिवराबाई दोन वेळा. डाव्या अंगास तुळशीसह, वर लिहिले 'आधी'. उजव्या अंगास कोऱ्या हनुवटीची, वर लिहिले 'नंतर'. त्या दिवसांत यंत्रांत एक नवी बटीक आली होती, तीस बोटाने खूण करून "हे पूस" म्हटले की पुसून देई. मलमवाल्याने तिजकडून तुळस पुसविली होती. यंत्राने खोटे पुसिले तो खाली खरे निघाले, आणि त्या खऱ्याच्या जोरावर खोटे विकले जाऊ लागले. ऐसा फंद पूर्वी कोणत्या दौलतीत जाहला असेल तर आम्हांस ठाऊक नाही. पंतांस आधी राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ, खरे सांगावयाचे तर, थोडा हर्षही जाहला, की चोर आता सापडला, मुद्रा त्याच्याच हातात आहे. मग त्यांनी चावडीच्या कारभाऱ्यांकडे फिर्याद गुदरली. तेथे माणूस नाही, यंत्रच कारकुनी करी. त्याने तात्काळ उत्तर दिले की आपले म्हणणे आम्हांस मोलाचे आहे. मग बहुत दिवसांनी दुसरे उत्तर आले की चित्र तपासता त्यावर कोणाची मुद्रा आढळली नाही, सदरहू बाईचे गोंदण मात्र आढळले. पंतांनी कपाळावर हात मारिला. मुद्रा ऐसी बेमालूम घडविली होती की ती मुद्रा आहे हे आता त्यांचे स्वतःचेही म्हणणे कोणी मानीना.

पुढे माघ आला, जत्रा आली, आणि मलमवाल्याने ऐन देवळासमोर तंबू ठोकून आपला फलक लाविला, पुरुषभर उंच, दोन्ही भिवराबाई शेजारी शेजारी हसत असलेल्या. पंत तेथे पोहोचले तो बाभळीखाली गोंदून घेणारी कोणी नाही. भिवराबाई सुया मांडून एकटी बसली आहे, पदर दातांत, आणि बायका तिच्यासमोरून निघून जात आहेत. एक थांबून म्हणाली, "मावशी, तुमचंच पुसलं म्हनं की वो! मग आमच्या पोरींचं काय टिकायचं?" दुसरी म्हणाली, "पुसायचंच हाय तर टोचून कशाला घ्यायचं बाई? उगं रडारड." एक म्हातारी मात्र म्हणाली, "अगं हिला गोंदण नव्हतंच हनुवटीला, मी लहानपनापास्नं बघती." तो तिची सून म्हणाली, "आत्या, फोटूत दिसतंय ते खोटं आणि तुमची नजर खरी व्हय? काल मिठाच्या जागी साखर घातलीत आमटीत." म्हातारी पुढे चालू लागली. ऐसे त्या काळी जाहले होते, की माणसाने जन्मभर पाहिलेले एकीकडे आणि चित्रात दिसलेले एकीकडे ठेविले तर चित्र जड होई.

पंत तडक तंबूपुढे गेले आणि मोठ्याने बोलिले, "हे चित्र माझं आहे. चोरलेलं आहे. त्या हनुवटीवर माझी मुद्रा आहे." लोक जमले. मलमवाला गोड हसून हात जोडून म्हणाला, "या पंत, बसा, पाणी घ्या. मुद्रा म्हणता ती कुठं? मला तर तुळस दिसते. आमच्या आजीलाही होती. आता आमची आजीपण तुमचीच का?" लोक खदखदून हसले. पंतांचे कान तापले आणि तापल्या कानास शहाणपण ऐकू येत नाही. मुळांतले नाव वाचून दाखवावयाचे सोडून ते ओरडले, "त्या बाईला गोंदण नाहीच! कधीच नव्हतं! ती काय तिथं बसलीय, विचारा तिला!" आणि लोकांतून वाट काढीत बाभळीखाली गेले, आणि म्हणाले, "मावशी, उठा. चला माझ्यासंगं. एवढं तोंड दाखवा लोकांना." ती म्हणाली, "कशापायी रं? काय झालंय?" पंत म्हणाले, "तुमच्या हनुवटीवर गोंदण नाही हे एकदा दिसलं की खोटं उघडं पडेल. तुमचा धंदा वाचेल." बिचारीने विश्वास ठेविला, लुगडे झटकले आणि मागोमाग आली. मग तंबूपुढे, फलकाच्या पायाशी, साऱ्या जत्रेदेखत तिने दातांतला पदर सोडिला. हनुवटी कोरी. पंत विजयाने लोकांकडे वळले. आणि मग मागून एक बाई ओरडली, "अगं बया! खरंच पुसलं की गं! चट्टा सुदिक ऱ्हायला न्हाई!" आणि गर्दी तंबूवर ऐसी तुटून पडली की मलमवाल्यास डब्या देता हात पुरेनात. जो पुरावा पंतांनी चोराविरुद्ध उभा केला तोच चोराची दवंडी जाहला. मलमवाल्याने त्या धांदलीतही मान वळवून त्यांस नमस्कार केला, ही गोष्ट त्यांस पुढे जन्मभर आठवे. भिवराबाई फलकाकडे पाहत उभी होती. मोबाइल तिच्यापाशी नाही, आपले ते चित्र ती त्या दिवशी प्रथमच पाहत होती. पाहता पाहता म्हणाली, "ही तुळस कुनी काढली रं माझ्या तोंडावर?" पंतांनी मान खाली घातली. तिने पदर पुन्हा दातांत धरला, आणि जाऊन सुया गुंडाळल्या.

मग पंतांनी आपले मूळ चित्र, मुद्रा नसलेले, चावडीवर टांगिले आणि खाली सविस्तर लिहिले की सत्य हे ऐसे आहे. लोकांनी उत्तर लिहिले, "अरे वा, हा तर आणखी एक 'नंतर'चा फोटो. मलम कुठं मिळेल?" तेव्हां पंतांनी ते चित्र उतरविले आणि मंजुळाबाईंपुढे बसून राहिले. बाई थट्टा करतील तर बरे, ऐसे त्यांस वाटत होते. परंतु बाईंनी थट्टा केली नाही. म्हणाल्या, "तिच्याकडं जा. क्षमा मागायला नका जाऊ, ती मागून आपणच हलके होतो. नुसते जा." मग पंत भिवराबाईच्या घरी गेले. ती अंगणात तांदूळ निवडीत होती. बस म्हणाली. पाणी दिले. मग ती आपणहून सांगू लागली, की आमच्यात लेकीची हनुवटी आईनंच गोंदायची, लग्नाच्या आधी, दुसऱ्या हातानं न्हाई. दोन्ही हात झाले व्हते. आई म्हनली, हनुवटी ऱ्हाऊ दे, ती जत्रंतनं आल्यावर करू. जत्रंला गेली ती तापानं तिथंच आडवी झाली, माघारी आलीच न्हाई. सासरी समदी म्हनली, आता कुनाकडनं बी घालून घे, कोरी बरी दिसत न्हाई. मी न्हाई घातलं. ती आईची जागा हाय. आणि हातांतल्या सुपाच्या तालावर, पंत तेथे आहेत हे विसरून, आपल्याशीच गुणगुणली:

दोन्ही हातांवरी आईनं लावल्या गं वेली
हनुवटीला जागा ठेवून कुठं निघून गेली

पंतांचे मनात ऐसे आले की बगळा नेणारा गादीवाला, तुळस पुसणारा मलमवाला, यांनी नेले ते नेले, परंतु पहिली चोरी तर आपणच केली. आणि चोरी म्हणजे केवळ नेणेच नव्हे, जेथे काही नाही तेथे आणून ठेवणे हीसुद्धा एक चोरी असते. तो भिवराबाईने सूप खाली ठेविले आणि म्हणाली, "ते तुळशीचं चित्र हाय का तुझ्यापाशी?" पंत म्हणाले, "आहे. का?" ती म्हणाली, "दाव. तशीच घालायची हाय." पंत दचकून म्हणाले, "नाही मावशी! तुमच्या आईची जागा..." ती म्हणाली, "पोटाला जागा नगं व्हय? माझ्या हातचं पुसतं असं झालं तर नातीनं कुनापुढं सुया मांडायच्या? लोकांनी ही तुळस बघितली हाय. दुसरी घातली तर म्हनतील, ती कच्ची व्हती, पुसली, ही निराळी. तीच घालाया पायजे." मग ती आत जाऊन सुया, वाटी आणि भिंतीवरचा आरसा घेऊन आली, आणि आरसा पंतांच्या हाती देऊन म्हणाली, "धर."

पंतांनी एका हाती मोबाइलवरील तुळस धरिली आणि एका हाती आरसा. भिवराबाईने बोटाने ठिपके मोजून पाहिले, मान हलविली, आणि पहिली टोच घेतली. रक्ताचा थेंब आला, तो पुसला, काजळी चोळली, दुसरी टोच घेतली. दुसऱ्याच्या लेकीस गाणे म्हणणारी ती, आपल्या वेळी गाणे म्हणाली नाही. "आरसा हलवू नगंस, लेकरा," ती दातांतून म्हणाली, "फोटू काढताना हात न्हाई हलला तुझा." तुळस वरून खाली उतरत आली, मंजिरी जाहली, पाने जाहली, बुंधा जाहला, आणि सुई मुळांशी आली. तेव्हां पंतांस राहवेना. जे मंजुळाबाईंस सांगितले नाही, लोकांस अभिमानाने सांगावयाचे होते, ते आता म्हणाले, "मावशी, थांबा. ती मुळं नव्हेत. ते माझं नाव आहे. तुम्हाला वाचता येत नाही म्हणून... मुळं सोडून द्या. कुणाला कळायचं नाही." सुई तेथेच थांबली. तिने आरशातून पंतांकडे पाहिले, आणि ती दृष्टी रागाची असती तर पंतांस सोसली असती. मग म्हणाली, "मुळाबिगर तुळस कशी जगंल? आणि फलकावर मुळं हायत, लोक बघत्यालच." पंत रडू लागले. ती म्हणाली, "रडतोस कशाला? सुई मला टोचतीय. आनि ऐक. नाव तुझं हुतं तवर हुतं. माझ्या कातड्यावर आलं की माझं झालं. आता परत मागायला येऊ नगंस." ऐसे म्हणून वाकली आणि मुळे पुरी केली, एकही अक्षर न चुकता, आणि हळद लाविली, आणि आरसा पंतांच्या हातातून घेऊन भिंतीवर उलटा लाविला.

पुढे जखम सुकली आणि खपली पडली, तेव्हां भिवराबाई देवळापुढच्या आठवड्याच्या बाजारी गेली. पदर दातांत नाही, डोकीवर घट्ट. मलमवाल्याच्या तंबूपुढे उभी राहून त्याचीच डबी उघडली आणि म्हणाली, "हे बघा गं. आता कुनाला माझी तुळस पुसायची हाय तिनं म्होरं यावं." बायका एकीमागून एक पुढे आल्या, आधी भीत भीत, मग इरेस पडून, कोणी बोटाने चोळिले, कोणी पदराने चोळिले, हनुवटी लाल जाहली, कातडे सोलवटले, आणि तुळस हिरवीगार तेथेच. मग एका बाईने आपली डबी मलमवाल्याच्या अंगावर फेकली, आणि तिच्यामागे दुसरीने, आणि तो दुपारच्या आत तंबू गुंडाळून दुसऱ्या मुलखास गेला. त्याच बाजारी तीन लेकी बाभळीखाली येऊन बसल्या. भिवराबाईचे नाव राहिले, सुया राहिल्या. जे गेले त्याची कोणी दवंडी पिटली नाही.

पंतांनी मात्र एके दिवशी तिला विचारिले, "मावशी, तुमचं पहिलं चित्र, कोऱ्या हनुवटीचं, माझ्यापाशी आहे. मुद्रा नाही त्यावर. काय करू त्याचं? पुसून टाकू?" ती सुईवरून नजर न उचलता म्हणाली, "पुसू नगंस. लोकांत बी सोडू नगंस. मी गेल्यावर माझ्यासंगं चितंत घाल. आई इचारंल, जागा कुठं हाय म्हनून; तिला दावाया पायजे."

ऐसी हकीकत जाहली. सावळारामपंतांनी त्यानंतर कोणत्याही चित्रावर मुद्रा उमटविली नाही. चोर नेतात ते नेतात. ते एक चित्र कोणी नेऊ शकत नाही, कारण की घडीभर टांगले होते तेव्हांही लोकांनी 'नंतर' म्हणूनच पाहिले, खरे ते कोणी पाहिलेच नाही. इति भिवराबाईंचे वर्तमान, जैसे कानी आले तैसे लिहिले; अधिक उणे असेल ते वाचणाराने पोटात घालावे.